उत्तमरावांचं शेवटचं भाकीत

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, दारातला सडा अजून वाळलाही नव्हता, तेव्हा किशोर गावंडे अनवाणीच इंदूबाईंच्या ओट्यावर येऊन उभा राहिला.

"मावशी, बाबाचा टॅब गेला."

इंदूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच हातात राहिला. "गेला म्हंजे? बंद पडला का?"

"बंद पडला असता त मी रडलो असतो का? मोबाईलचं दुकान हाय माझं, खोलून पायलं असतं. चोरीले गेला. कुलूप लावलेल्या केबिनमधून. आन कुलूप जसंच्या तसं हाय."

अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाची वस्तू हरवली की लोक पोलिसांआधी इंदूबाईंकडे येत. पोलीस लिहून घेतात, इंदूबाई ऐकून घेतात, एवढाच फरक. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. आधी आवाज आणि मग चेहरा, अशीच त्यांची माणसांशी ओळख होत आली. उत्तमराव गावंड्यांशीही तशीच झाली. त्या काळी उत्तमरावांचं एसटीडी बूथ होतं, आणि थेट लाईन लागली नाही की ते एक्स्चेंजला विनवत. "बाई, अमरावती लावून द्या जराशी, पोरीचा पेपर हाय आज," हा तो आवाज. घोगरा, घाईचा आणि कायम थोडा चुकणारा. घर एका गल्लीवर असूनही माणूस त्यांनी कितीतरी महिन्यांनी पाहिला, आणि पाहिल्यावर वाटलं, आवाजावरून उंच वाटला होता.

बूथचं पुढे मोबाईलचं दुकान झालं. लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला रांग लावू लागले. नव्या फ्लेक्सच्या खाली पिवळी 'एसटीडी' ही अक्षरं मात्र अजून दिसत होती, आणि आतली काचेची केबिनही उत्तमरावांनी हलवू दिली नव्हती. त्या केबिनमध्येच दरवर्षी 'घट' बसायचा.

बुलढाण्याकडे भेंडवळला आखाजीला घटमांडणी होते, हे वऱ्हाडात पोराटोरांनाही ठाऊक आहे. मधे पाण्याची घागर, तिच्याखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, भोवती धान्याचं रिंगण. रात्रीतून काय हललं ते बघून पिकापाण्याचं भाकीत. उत्तमरावांनी त्याची एक चहाटळ आवृत्ती काढली होती. धान्याच्या जागी चार्जर, सिम, बॅटऱ्या, काचेचे तुकडे. एका अंगाला सफरचंदवाल्यांचा टॅब, दुसऱ्या अंगाला रोबोटवाल्यांचा. यंदा कोणाची नवी सिस्टीम आधी येणार, जुन्या टॅबला अपडेट मिळणार की वाऱ्यावर सोडणार, स्वस्तातले टॅब महागड्यांना खाणार का, यावर अख्खा कट्टा भांडायचा. भेंडवळला आखाजीच्या संध्याकाळी मांडतात. हे लोक आदल्या संध्याकाळी मांडत, कारण आखाजीला मुहूर्ताचा नवा मोबाईल घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं असतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी भाकीत वाचायचं, उत्तमरावांनी ते आपल्या सात इंची जुन्या टॅबमध्ये स्वतःच्या आवाजात भरायचं, आणि शेवटी आतल्या दाराकडे तोंड करून ओरडायचं, "किशोरची माय, चहा मांड वं!" तेही दरवर्षी त्यात भरलं जायचं.

मागच्या आखाजीनंतर उत्तमराव गेले. तेव्हापासून त्यांची बायको तानुबाई रोज दिवेलागणीला तो टॅब मांडीवर घेत. डोळ्यांत मोतीबिंदू, काही धड दिसत नसे. पण उघडायची खूण बोटाला पाठ होती. नवऱ्याने शिकवलेली, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ती त्या दोघांखेरीज कोणालाच येत नव्हती. एक भाकीत ऐकायचं, चहाची हाक आली की हसायचं, टॅब ठेवून द्यायचा.

"त्यातलं कुठं दुसरीकडे घेतलं होतं का?" इंदूबाईंनी विचारलं.

किशोरने मान खाली घातली. "करू करू म्हणत राह्यलो. चार्जिंगची पिन ढिली, सिस्टीम इतकी जुनी की कोनतं ॲप घेत नाई. दुनियेचे मोबाईल दुरुस्त केले मी, मावशी. बाबाचा आवाज आता कुठंच नाई. आज त्याईची पहिली आखाजी, आन मायले काय सांगू?"

इंदूबाईंनी तांब्या ठेवला आणि पदर खोचला.

२

दुकानात खुशालराव आधीच हजर होते. नांदगाव खंडेश्वरकडचे कास्तकार, काळ्या मातीतला माणूस. आता अकोल्यात मुलाकडे राहत. नातवाने पुण्याहून आयपॅड पाठवल्यापासून ते कडवे सफरचंदवाले झाले होते. उत्तमराव रोबोटवाले. हरणाऱ्याने रोडग्यांचं जेवण द्यायचं, असा दोघांचा करार होता.

केबिनचं दार उघडं होतं. रिंगण जागच्या जागी. दोन्ही नवे टॅब होते, चार्जरांच्या वायरी होत्या. मधे लाल नवी घागर, पसरट तोंडाची, माठच म्हणा ना. तिच्यावर ताटली, ताटलीत पापड-कुरडई. फक्त घागरीला टेकवून ठेवलेला उत्तमरावांचा टॅब नव्हता.

"चोरी झाली ते झाली, पण घटानं यंदा सांगतलं बरं का," खुशालराव उकिडवे बसून म्हणाले. "चारही ढेकळं वली हायेत! चारही महिने पाऊस. इतक्या वर्षांत या घटात पयल्यांदा."

"खुशालकाका, बाबाचा टॅब गेला आन तुमाले पाऊस सुचते?" किशोर खेकसला.

"अबे, पाऊस नाई आला त तुझे मोबाईल कोण घेईल?"

इंदूबाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "खुशालराव, तुमी किशोरले म्हणलं होतं ना, एक भाकीत पुसून टाक म्हणून?"

म्हातारा चपापला. "म्हणलं होतं. त्यात उत्तमनं माझ्या आयपॅडले हत्ती म्हणलं. पोसाले महाग आन वावरात कामाचा नाई म्हणे. माझ्या सुना ते ऐकून दात काढतात." मग ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळू लागले. "पण बाई, आता माझ्याशी भांडते कोण? सांगा ना. नवीन सिस्टीम येते, मी म्हणतो चांगली हाय, सगळे म्हणतात हो काका. हो काका! कोनी मले येडा म्हणत नाई. थो टॅब गेला म्हंजे माझंबी भांडण गेलं."

त्यांचा आवाज शेवटी कापला. इंदूबाईंनी तो मनात एका बाजूला ठेवला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज कापतो खरा, पण सुरुवातीला.

किशोरची बायको आरती आत पुरण वाटत होती. केबिनची किल्ली कुठे असते विचारल्यावर तिने कोपराने दाखवलं. उत्तमरावांच्या फोटोखालच्या खिळ्याला. म्हणजे घरातल्या कोणालाही घेता यावी अशी. घर दुकानाच्या पाठीलाच होतं.

"माझ्यावर संशय येईल, मले मायीत हाय," आरती तडकून म्हणाली. "मी बोलली होती, खोटं कशाले सांगू. आत्याबाई रोज मेलेल्या मानसाच्या हाकेले हसतात, हे मले पायवत नाई. दोन डाव म्हणलं, काढून ठेवा थो टॅब. पण चोरून? आज त्याईची घागर द्याची, आन मी असं करीन?"

"काल रात्री कोणी आवाज ऐकला?"

"यायचा भाचा कुलदीप बसला होता दुकानात, एकटाच. काहीतरी लावून पाहत होता. मी थकली होती, झोपली." आरतीने वरवंटा थांबवला. "आत्याबाईंचं मात्र काहीतरी बिनसलं हाय. सकाळपासून बोलल्या नाईत. टॅब गेला हे सांगतलं तर 'बरं' म्हणल्या. नुसतं बरं!"

धक्क्याने माणूस असा मुका होतो, असं इंदूबाईंना त्या वेळी वाटलं. हुशार माणसाचीही चूक होते, ती अशी.

दुपारी पितराचं जेवण झालं. पितर म्हणून नत्थुजींना बोलावलं होतं; पितराने गेलेल्याच्या नावाने जेवायचं आणि त्याच्या नावाची पाण्याने भरलेली घागर घरी न्यायची. मोर्णा नदीच्या काठाला त्यांची भाजीची वाडी, आणि उत्तमरावांशी शाळेपासूनची दोस्ती. पुरणपोळी, आमरस, कुरडया, चिंचवणी, पान सगळं भरलेलं. पाटावर बसलेल्या नत्थुजींच्या पाया पडताना किशोर ओक्साबोक्शी रडला. मग तानुबाईंनी पांढरं फडकं बांधलेली, वर आंबा ठेवलेली घागर आतून स्वतःच आणली आणि त्यांच्या हातात दिली. "घरी गेल्याशिवाय फडकं सोडू नोका," एवढंच बोलल्या.

नत्थुजींनी तानुबाईंकडे बघितलं, घागरीकडे बघितलं.  मग सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने आंबा खिशात टाकला, घागर एका हाताने खांद्यावर घेतली आणि भर उन्हात तरातरा निघाला. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत धोतरावर एक थेंब सांडला नाही. इंदूबाई कौतुकाने बघत राहिल्या.

तेवढ्यात दुकानातून किशोरची आरोळी आली. त्याने भाच्याची कॉलर धरली होती.

३

कुलदीप अमरावतीचा, किशोरच्या बहिणीचा मुलगा. येणारे फोन, येणाऱ्या सिस्टीम, टॅबची झुंज, यावर त्याचं चॅनल होतं. कंपनीने तोंड उघडायच्या आधी काय येणार ते हा सांगायचा. निम्मं खरं व्हायचं, आणि उरलेलं लोक विसरायचे.

"यानंच नेला, मावशी! गेल्या महिन्यापासून मागून राह्यला. 'मामा, आजोबाचं भाकीत चॅनलवर टाकू.' चाल बे ठाण्यात!"

"मामा, देवाशपथ नाई नेला! मले त्याची गरजच नव्हती. माझ्यापाशी आजोबाचं शेवटचं भाकीत हाय."

किशोरचा हात सुटला. कुलदीपने घाईघाईने फोन काढला, आणि दुकानात उत्तमराव बोलू लागले.

"राम राम मंडळी. यंदाच्या सालाचं भाकीत ऐका. टॅबच्या बजारात मोठी उलथापालथ होण्याची शक्यता हाय. पुस्तकासारखा मिटणारा टॅब यंदा येऊ शकते. सफरचंदवाले अन रोबोटवाले, दोघंबी तयारीत हायेत. लॅपटॉपवाली सिस्टीम टॅबमध्ये आली तर खरी लढत पाहाले भेटन. पण किमतीवर बरंच काही अवलंबून राहीन."

तोच घोगरा आवाज. तीच घाई. खुशालरावांनी उपरण्याने डोळे टिपले. किशोर स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून म्हणाला, "बाबा."  क्षणभर इंदूबाईंनाही वाटलं, आता हा म्हणेल, बाई, अमरावती लावून द्या.

पण आवाज थांबला तो थांबलाच. पुढे काही आलं नाही.

"पुन्हा लाव," इंदूबाई म्हणाल्या. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "खुशालराव, हे मिटणाऱ्या टॅबचं तुमी पयल्यांदा कधी ऐकलं?"

"दिवाळी झाल्यावर. या पोट्ट्याच्याच चॅनलवर. तेव्हा मी म्हणलं, मिटते त तुटीनबी."

"आन उत्तमराव गेले मागच्या जेठात."

किशोरने तोंडावरचे हात काढून वर बघितलं. 

"दुसरं म्हंजे," इंदूबाई सावकाश म्हणाल्या, "उत्तमराव जन्मात 'शक्यता हाय' म्हणाले नाईत. 'अवलंबून राहीन' त नाईच नाई. ते ठोकून सांगत, आन हटकून चुकत. टच-स्क्रीन चालणार नाई म्हणाले, चालली. सफरचंदवाले बुडतात म्हणाले, ते आभाळाले टेकले. हा आवाज त्याईचा हाय, पण हे बोलणं पेपरवाल्याचं हाय. आन मुख्य म्हंजे चहा कुठं हाय? कुलदीप, हा आवाज कोणी बनवला?"

कुलदीप एवढासा झाला. "मी, आजी. नवीन सिस्टीममंधी तसं येते आता. थोडासा आवाज ऐकवला की थो काहीबी बोलते. माझी आजी संध्याकाळी भाकीत ऐकत बसते ना, तवा बाजूले बसून फोनमंधी भरून घेतलं. जराशीच मिनिटं. मले वाटलं, पहिल्या आखाजीले सगळ्याईले आनंद होईल. आजोबा परत आल्यावानी वाटन."

"आन चॅनल चालन," खुशालराव म्हणाले.

"तेबी," पोरगा खाली बघत म्हणाला. "पण टॅब मी नाई नेला. खोट्यासाठी खरा कावून नेऊ?"

"खोटं उघडं पडू नये म्हणून!" किशोर पुन्हा उसळला. "खरे आवाजच नसले त ताडून कोण पाहीन?"

हिशेब बरोबर बसत होता. दुकानातले सगळे कुलदीपकडे बघत होते. पण इंदूबाईंना त्या पोराच्या आवाजात लाज ऐकू येत होती, भीती नव्हती. टॅब ज्याच्याकडे आहे त्याला भीती वाटायला हवी.

"हे काल रात्री मोठ्यानं लावलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. स्पीकरवर. कसं वाटते ते पाहाले."

इंदूबाईंनी आतल्या दाराकडे बघितलं. दार आणि स्वयंपाकघर यांत एक पडदा होता, तोही वाऱ्याने उडणारा. आणि त्याच क्षणी त्यांना सकाळचं खुशालरावांचं बोलणं आठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

४

"किशोर, केबिन उघड," इंदूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबाच्या घटातल्या घागरीत पाणी राह्यते का?"

"नाई ना. मोबाईल आन पाण्याचं वैर. बाबाचा नियमच होता, इथं कोरडी घागर. खुशालकाका दरसाल चिडवत, तुमच्या घटात कायमचा दुष्काळ म्हणून."

"मग यंदा ढेकळं वली कशानं झाली?"

खुशालरावांचं तोंड उघडं राहिलं. काळ्या मातीतल्या माणसाला ओलं ढेकूळ दिसलं की पाऊसच दिसणार. त्याला चोर दिसावा कसा? सगळ्यांनी ते बघितलं होतं, आणि शुभशकुन समजून सगळे पुढे गेले होते.

इंदूबाईंनी ताटली उचलली. घागर काठोकाठ भरलेली होती. नव्या मातीतून पहाटेपासून झिरपलेल्या पाण्याने चारही ढेकळं विरघळून बसली होती.

"बाप्पा!" किशोर म्हणाला. "ही त घटाची नाई. घटाची... मग घटाची कुठं गेली?"

इंदूबाईंच्या डोळ्यांपुढे नत्थुजी उभे राहिले. एका हाताने उचललेली घागर आणि कोरडं धोतर. आपण कौतुक करत बसलो! त्या काही न बोलता पडदा बाजूला करून आत गेल्या.

तानुबाई चुलीपाशी बसल्या होत्या. चूल कधीच विझली होती.

"तानू, उत्तमरावाची पाण्यानं भरलेली घागर दुकानात हाय," इंदूबाई शेजारी बसत म्हणाल्या. "आन दुकानातली कोरडी घागर पितरासंग गेली. तिच्यात काय होतं?"

तानुबाईंनी विझल्या चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "तुले समजलं. मले वाटलंच, तुलेच समजन." आणि बांध फुटला. "काल निजली होती, इंदू. अन त्याईचा आवाज आला. मी उठून बसली. मले वाटलं, पहिली आखाजी हाय, आले असतील. पण थो आवाज मिटणारा टॅब का काय ते सांगून राह्यला. चहा नाई, हाक नाई. ज्या मानसाले उद्या पाणी द्याचं, त्याले मेल्यावरबी कामाले लावलं पोराईनं."

"मग टॅब कावून देला?"

"त्याच्यातूनच काढलं ना त्यायनं! थो टॅब घरात राह्यला त अजून काढतील. उद्या थो आवाज मले हाक मारन, 'किशोरची माय' म्हणन, आन मी 'ओ' देईन. मले डोळ्यानं दिसत नाई, इंदू. माझ्यापाशी कानच हाय. खरा कोनता आन खोटा कोनता, हेच समजलं नाई त माझ्यापाशी काय राह्यते?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ज्याची आवडीची वस्तू त्याच्या पितरासंग द्यावी. नत्थुजीले त बटनाचाबी फोन लावता येत नाई. त्याच्या घरी त्याईले कोनी बोलतं नसतं केलं. पहाटे उठून किल्ली घेतली, कोरड्या घागरीत टॅब घातला, फडकं बांधलं, आत आणली."

"आन भरलेली तिथं ठेवली. रिकामी करून ठेवली असती त मलेबी समजलं नसतं."

तानुबाईंनी आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं. "रिकामी? त्याईच्या नावानं भरलेलं पाणी मोरीत ओतू? काय बोलतं वं."

पडद्यापाशी हुंदका आला. कुलदीप तिथे उभा होता. किती वेळापासून ते कोण जाणे.

इंदूबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडेल असं ऊन होतं. "तानू," त्या हलकेच म्हणाल्या, "या उन्हात नवी घागर घरी नेली त मानूस पयलं काय करते?"

तानुबाईंचा हात पदरातच थांबला. "पाणी भरते," त्या म्हणाल्या. "अवं माय! पाणीच भरते."

कुलदीप स्कूटर काढायला धावला होता.

५

मोर्णेच्या पुलावरून स्कूटर अशी गेली की मागे बसलेल्या इंदूबाईंनी सगळ्या देवांची नावं एका दमात घेतली. वाडीच्या फाटकातूनच दिसलं. कडुनिंबाखाली तिवईवर लाल घागर, शेजारी नत्थुजींची सून, आणि तिच्या हातात वाकडी केलेली भरली कळशी.

"नोको!" कुलदीप ओरडला.

सून दचकून थांबली. "मलेच का ओरडता? घंटाभरापासून मामंजीबी हेच करून राह्यले. घागर देली त भरू देत नाईत!"

नत्थुजी बाजेवर बसले होते. एक हात घागरीवर ठेवलेला. फडक्याची गाठ तशीच होती.

"या बाई," ते म्हणाले. "वाटच पाहून राह्यलो. उत्तमच्या नावानं जेवलो आन वयनीनं कोरडी घागर देली. ते घर असं चुकत नाई. खांद्यावर घेतली त आत काहीतरी सरकलं. म्हणलं, आपल्याले सांगतलं ते सोडाचं नाई, आन न सांगतलेलं कराचं नाई. कोनी ना कोनी येईन."

कुलदीपने गाठ सोडली आणि हात आत घातला. तानुबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला टॅब बाहेर आला, खडखडीत कोरडा. पोरगा तो छातीशी धरून तिथेच मातीत बसला आणि लहानपणी रडला नसेल इतका रडला.

"चाला," नत्थुजी पायात चपला सरकवत म्हणाले. "मलेबी याचं हाय. माझं एक काम अर्धं राह्यलं."

दुकानात सगळे उभेच होते. कुलदीपने आधी आजीचे पाय धरले. मग तिच्यासमोर फोन धरून, तिला दिसत नव्हतं तरी, ते बनवलेलं भाकीत पुसलं. पुसल्याचं इंदूबाईंनी बघून सांगितलं, तेव्हाच तानुबाईंनी मान हलवली. टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. पिन हलवून हलवून किशोरने तो कसाबसा सुरू केला. तानुबाईंच्या बोटाने काचेवरचे ठिपके जोडले.

"लिहून घ्या मंडळी!" उत्तमराव कडाडले. कुठल्याशा सुरुवातीच्या आखाजीचा आवाज, मागे खुशालरावांचं खोकणं. "हे टॅब-फॅब चार दिसाची चमक हाय. दोन सालानं कोनाच्या हातात टॅब दिसला त मिशी काढीन! बटनवाला फोन राह्यन, आन माझं एसटीडी राह्यन. खुशाल्या, रोडगे तयार ठेव!"

ज्या टॅबची चमक चार दिवसांची म्हणाले, त्याच टॅबमधून म्हणाले. आधी खुशालराव हसले, मग किशोर, मग आरतीसुद्धा. त्या हसण्यात डोळे कोणाचेच कोरडे नव्हते.

"किशोरची माय," टॅबमधून हाक आली, "चहा मांड वं!"

"मांडते," तानुबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच लाजल्या. मग टॅब त्यांनी मुलाकडे दिला. "हे सगळं दुसरीकडे उतरून घे, बाबू. पण जे बोलले तेच राहू दे. नवीन शब्द त्याईच्या तोंडी घालू नोको. चुकत होते ते चुकू दे त्याईले."

"तानू," इंदूबाईंनी विचारलं, "ते पाणी?"

तानुबाईंचा चेहरा पडला. पहिल्या आखाजीला नवरा तहानलेला गेला, हे त्यांच्या ध्यानात आता आलं होतं. 

नत्थुजी केबिनपाशी गेले होते. आत वाकून, चार्जरच्या वायरी पायाने जपून बाजूला करत, त्यांनी चिखलात बसलेल्या घागरीसमोर मांडी घातली. जिथे उत्तमराव हयातभर रिसीव्हर धरून बसले, तिथे.

"जेवण झालं, पाणीच राह्यलं होतं," ते म्हणाले. "वयनी, मी पितर हाय ना आज? मग वाढा की."

आरतीने गडवा आणून दिला. तानुबाई भिंतीला हात लावत केबिनपर्यंत आल्या, चाचपत घागरीच्या काठापर्यंत पोचल्या आणि गडवा बुडवून त्यांच्या हाती दिला. नत्थुजींनी मान वर करून घटाघटा पाणी पिऊन टाकलं, मिशी पुसली आणि गडवा पुन्हा पुढे केला.

"अजून द्या," ते म्हणाले. "लय तहान लागली होती."